झोताचा वेग: रॉकेटला जास्त हवा आणि विमानाला कमी, हे काय गौडबंगाल आहे?

गॅलरीतला_माणूस (शनिवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही उलव्यात राहतो. विमानतळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलं की एखादं तरी विमान दिसतंच आणि आमचे चिरंजीव (अकरावी सायन्स, क्लासचे पैसे भरून आमचं कंबरडं मोडलंय ते वेगळं) लगेच फोनवरच्या ॲपमध्ये बघून सांगणार की हे अमुक विमान, याला तमुक इंजिन. परवा त्याने असा प्रश्न टाकला की हातातला चहा गार झाला.

म्हणाला, बाबा, इस्रोचं क्रायोजेनिक इंजिन (अतिथंड द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारं) भारी का, तर त्याचा झोत सेकंदाला चार किलोमीटरच्या वर वेगाने बाहेर पडतो. आणि विमानांची नवीन इंजिनं भारी का, तर त्यांचा झोत जुन्या इंजिनांपेक्षा हळू जातो. दोन्हीकडे न्यूटनचा तिसरा नियमच ना? मागे फेका आणि पुढे जा. मग एकाला जोरात फेकलेलं चांगलं आणि दुसऱ्याला हळू फेकलेलं चांगलं, असं कसं?

मी कॉमर्सवाला. आईला विचार म्हटलं, ती म्हणाली कुकर लावलाय. तेव्हा जाणकारांनी कृपया डेबिट-क्रेडिटच्या भाषेत समजावा, सूत्रं कमीत कमी.

---

मुरांबा (१०:५१)

वाचतोय. प्रश्न खरंच भारी आहे. खुणेची जागा.

---

कंदील_बंद (११:०३)

त्यात काय एवढं. रॉकेटचा झोत खाली जमिनीवर आपटतो आणि त्या आपटण्याने रॉकेट वर जातं, म्हणून तो जोरात लागतो. विमानाला टेकू द्यायला हवा असतेच, त्यामुळे हळू चालतं. विषय संपला, झोपा आता.

---

खारघरची_मास्तरीण (११:२०)

@कंदील_बंद, झोपण्याआधी एक ऐका. जमिनीवर आपटून वर जात असतं तर चार किलोमीटर वर गेल्यावर रॉकेटने काय करायचं? आणि अंतराळात तर टेकायला काहीच नाही.

पण तुम्ही एकटे नाही. जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून अमेरिकन रॉकेट संशोधक रॉबर्ट गोडार्डची अशीच टर उडवली होती, की निर्वात पोकळीत रेटायला काही नसतं हे यांना कळत नाही, शाळेतली पोरं जाणतात ते ज्ञान यांना नाही वगैरे. मग १७ जुलै १९६९ ला, म्हणजे अपोलो ११ उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी दुरुस्ती छापली. ४९ वर्षांनी! गोडार्ड १९४५ लाच गेले होते.

खरी गोष्ट अशी की इंजिनाच्या आत दाबाखालचा वायू सगळ्या भिंतींना ढकलत असतो. मागच्या बाजूला भोक आहे, तिथे ढकलायला भिंतच नाही, पुढच्या भिंतीवर मात्र रेटा पडतोच. हिशोब जुळत नाही, तेवढ्या फरकाने रॉकेट पुढे जातं. बाहेर हवा असली तर उलट अडचणच, कारण बाहेरचा दाब झोताला थोपवतो. अमेरिकन स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचं विशिष्ट आवेग नावाचं माप (झोताच्या वेगाचंच दुसरं नाव समजा) समुद्रसपाटीला ३६६ सेकंद आणि पोकळीत ४५२ सेकंद होतं. इंजिन तेच, इंधन तेच.

बाकी मूळ प्रश्नावर उद्या लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

---

कंदील_बंद (११:२४)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

---

हँगरकाका (रविवार, सकाळी ६:१५)

सुप्रभात. मी ठाणे पूर्व, कोपरी. आयुष्य सांताक्रूझच्या हँगरमध्ये गेलं, इंजिनं उघडणं आणि बंद करणं, त्यामुळे विमानाच्या बाजूचं मी सांगतो, रॉकेटचं बाई सांगतील.

पहिलं म्हणजे झोताच्या वेगाने रेटा मिळतो हे खरं, पण तो फुकट मिळत नाही. हिशोबाला सोपे आकडे घेऊ. समजा विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं आहे आणि मला १ लाख न्यूटन, म्हणजे साधारण दहा टन रेटा हवाय. दोन रस्ते आहेत. एक, सेकंदाला २०० किलो हवा घे आणि ५०० मीटर प्रति सेकंद वेगाने मागे फेक. दोन, सेकंदाला ५०० किलो हवा घे आणि २०० च्या वेगाने फेक. गुणाकार दोन्हीकडे १ लाखच. पण झोतात ओतलेली ऊर्जा बघा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे शाळेतलंच. पहिल्या रस्त्याला २५ मेगावॅट लागतात, दुसऱ्याला १० मेगावॅट. रेटा तेवढाच आणि खर्च अडीचपट!

कारण संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) वेग एकदाच येतो आणि ऊर्जेत दोनदा येतो. सगळी गोम इथे आहे. म्हणून विमानाच्या इंजिनवाल्यांचा पन्नास-साठ वर्षांचा सगळा प्रवास एकाच दिशेने चाललाय, जास्त हवा गिळायची आणि तिला थोडंसंच ढकलायचं.

आम्ही सुरुवातीला ७३७-२०० वर काम केलं, त्याला जेटी८डी इंजिन, सिगारसारखं लांबट आणि बारीक, पंखाखाली चिकटवलेलं. त्यात गाभ्यातून जितकी हवा जायची साधारण तितकीच बाहेरच्या बाजूने जायची. या बाहेरच्या वाटेला बायपास म्हणतात, आपल्या मुंब्रा बायपाससारखंच, गावात न शिरता बाहेरून. गावात शिरलेली हवा जळते आणि टर्बाइन फिरवते, टर्बाइन पुढचा मोठा फॅन फिरवतं, आणि बायपासची हवा न जळताच फॅनच्या धक्क्याने मागे जाते. पुढे सीएफएम५६ इंजिन आलं, त्यात गाभ्याच्या पाच-सहा पट हवा बायपासने. आणि आता एअरबसच्या नव्या ए३२०निओ विमानाला जी लीप किंवा प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं लागतात त्यात हे प्रमाण ११ ते १२ पट आहे. म्हणजे आताच्या जेट इंजिनाचा बहुतेक रेटा जळालेल्या धुरातून येतच नाही, तो येतो एका झाकलेल्या पंख्यातून! हे लोकांना सांगितलं की पटत नाही.

पुढचं नाश्त्यानंतर. सौ. हाक मारतायत.

---

गॅलरीतला_माणूस (९:४०)

काका दंडवत! मी माझ्या भाषेत लिहून बघतो, चुकलं तर सांगा. रेटा हा माल. ऊर्जा हा पैसा. आणि एका न्यूटन मालाचा भाव झोताच्या वेगावर ठरतो, वेग दुप्पट तर भाव दुप्पट. बरोबर?

मग रॉकेटवाले एवढ्या महागात माल का घेतात? त्यांना कोणी सांगत नाही का की बाबांनो, जरा हळू सोडा, स्वस्त पडेल?

---

खारघरची_मास्तरीण (११:०५)

@गॅलरीतला_माणूस, अगदी बरोबर, आणि तुमचा हिशोब पुढे नेते. विमान उभं असताना भाव बरोब्बर झोताच्या वेगाच्या निम्मा असतो, वॅट प्रति न्यूटन. काकांच्या उदाहरणात ५०० चा निम्मा २५०, गुणिले १ लाख न्यूटन, आले की नाही २५ मेगावॅट?

पण रॉकेटचं एक बिल वेगळं असतं. विमानाला जी हवा मागे फेकायची आहे ती वाटेत पडलेलीच आहे, फुकट. रॉकेटला फेकायची वस्तू घरून बांधून न्यावी लागते. शिदोरी म्हणा ना. वाटेत ना हॉटेल, ना टपरी, ना कोणी ओळखीचं. आणि गंमत अशी की शिदोरी उचलायलाही शिदोरी लागते, आणि त्या शिदोरीला उचलायला आणखी. मग बांधून आणलेला प्रत्येक किलो टाकताना त्यातून जास्तीत जास्त रेटा काढायचा तर एकच उपाय, तो किलो जमेल तितक्या जोरात फेका. ऊर्जा महागात गेली तरी चालेल, किलो वाया जाता कामा नये.

हे गणित त्सिओल्कोव्स्की नावाच्या रशियन मास्तराने (आमच्यातलाच, शाळेत शिकवायचा) १९०३ मध्ये छापलं. सूत्र टाळते, निकाल सांगते. पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत जायला, गुरुत्वाकर्षणात आणि हवेत जे वाया जातं ते धरून, साधारण ९.४ किलोमीटर प्रति सेकंद इतका वेग कमवावा लागतो. समजा एकाच टप्प्याचं १०० टनांचं रॉकेट आहे. झोताचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर असेल तर वर पोचेपर्यंत १०० टनांतले जेमतेम ४.४ टन उरतात, आणि त्यातच टाकी, इंजिन, उपग्रह सगळं बसवायचं. वेग ४.४ किलोमीटर केला तर ११.८ टन उरतात. वेग दीडपटसुद्धा वाढला नाही आणि हातात उरलेलं वजन पावणेतीनपट झालं. म्हणून क्रायोजेनिकचा एवढा सोस.

थोडक्यात तुमच्या भाषेत, विमानाला हवा फुकट आणि ऊर्जा महाग, रॉकेटला वजन इतकं महाग की ऊर्जेचा भाव कोण बघतो.

---

आयटीतला_हमाल (११:३२)

ऐरोलीहून हजेरी. बाई, शिदोरीचं उदाहरण कडक!

एक बाळबोध शंका. झोत जर सेकंदाला ४.४ किमीने जातो तर रॉकेट त्याच्यापेक्षा जास्त वेगाने कसं जाऊ शकतं? कक्षेत तर पावणेआठ किमीचा वेग लागतो ना. होडीतून मी मागे दगड फेकतोय, दगडापेक्षा होडी जोरात कशी पळेल?

---

खारघरची_मास्तरीण (११:५०)

बाळबोध मुळीच नाही, दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी विचारतंच. दगडाचा वेग होडीच्या सापेक्ष मोजायचा. तुम्ही आधीच सेकंदाला ६ किमीने पुढे चालला आहात आणि ४.४ ने मागे फेकलंत, तर काठावरून बघणाऱ्याला तो दगडसुद्धा पुढेच जाताना दिसेल, १.६ ने. पण तुम्हाला धक्का मिळायचा तो मिळालाच. एकूण वजन सुरुवातीच्या १/२.७ हून कमी उरलं की रॉकेट आपल्या झोतापेक्षा जोरात जायला लागतं. आणि ज्या क्षणी रॉकेटचा वेग आणि झोताचा वेग अगदी सारखा होतो त्या क्षणी बाहेर पडलेला धूर बाहेरून बघणाऱ्याला जागच्या जागी उभा दिसेल. म्हणजे झोतात काहीच ऊर्जा वाया गेली नाही, सगळी रॉकेटला मिळाली. हे चित्र मला फार आवडतं.

---

घोडबंदर_ग्रस्त (दुपारी १:१५)

मी सिव्हिलवाला, माझा प्रश्न आकाराचा. पाइप अरुंद केला की पाणी जोरात येतं, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की झाडापर्यंत जातं. मग रॉकेटची ती खालची घंटा उलट रुंद कशाला करतात? अरुंदच ठेवायची की.

---

हँगरकाका (१:४०)

हा हा, तुमच्या आयडीतच उत्तर आहे हो. तुम्ही गायमुखला अडकता की नाही? तिथे घाटात गाड्या चिकटून, पहिल्या गियरमध्ये. आणि गायमुख ओलांडलं, रस्ता मोकळा झाला की काय होतं? सगळे सुसाट. म्हणजे पाणी अरुंद जागी पळतं आणि ट्रॅफिक रुंद जागी पळतं.

वायू या दोन्हीसारखा वागतो. ध्वनीच्या वेगाखाली असेल तर पाण्यासारखा, अरुंद जागी वेग वाढतो. म्हणून रॉकेटच्या नॉझलचा, म्हणजे झोत बाहेर सोडणाऱ्या नळीचा, पहिला भाग निमुळता. त्या गळ्यात, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी, पोचेपर्यंत वायू बरोबर ध्वनीच्या वेगाला येतो (तिथल्या तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या, आपल्या हवेतल्या नाही) आणि त्यापुढे कितीही आवळलं तरी वेग वाढत नाही. मग तिथून पुढे तो गायमुखसारखा वागतो, जागा रुंद करत गेलं की तो फुलतो, थंड होतो आणि त्याच्या उष्णतेचा वेग होतो. निमुळतं आणि मग रुंद, ही आयडिया स्वीडनच्या डी लावाल यांची, त्यांनी वाफेच्या टर्बाइनसाठी काढली होती, रॉकेटसाठी नव्हे.

आता पुढची गोष्ट. किती रुंद करायचं हे बाहेरच्या दाबावर ठरतं. जमिनीवर फार रुंद केलं तर बाहेरची हवा आत घुसायला बघते आणि झोत भिंतीपासून सुटतो, इंजिन थरथरतं. पोकळीत तो त्रास नाही. म्हणून वरच्या टप्प्याच्या इंजिनांच्या घंटा प्रचंड. इस्रोच्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनात गळ्यापेक्षा तोंडाचं क्षेत्रफळ १०० पट आहे.

---

घोडबंदर_ग्रस्त (१:४८)

काका, आयुष्यात पहिल्यांदा गायमुखचा काहीतरी उपयोग झाला. प्रिंट काढून गाडीत लावतो.

---

आयटीतला_हमाल (२:१०)

मग सगळ्या टप्प्यांना हायड्रोजनच का नाही वापरत? खाली ते फटाक्यासारखं घन इंधन कशाला?

---

खारघरची_मास्तरीण (४:३०)

तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण "रॉकेटला जास्त वेग चांगला" हेही अर्धंच खरं आहे.

आपलं एलव्हीएम३ रॉकेट घ्या, चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला घेऊन गेलं तेच. बाजूला दोन घन इंधनाचे एस२०० बूस्टर, त्यांच्या झोताचा वेग पोकळीत धरला तर सेकंदाला साधारण २.७ किमी. मधल्या टप्प्यात द्रव इंधनाची दोन विकास इंजिनं, २.९ च्या आसपास. आणि डोक्यावर सीई-२०, सुमारे ४.३. उडताना एकूण वजन ६४० टन! त्या क्षणी काटकसरीपेक्षा दणका महत्त्वाचा, कारण रेटा वजनापेक्षा कमी पडला तर रॉकेट जागेवर उभं राहून शिदोरी जाळत बसेल. आणि आठवा तो भाव, झोत जितका वेगवान तितका एका न्यूटनला ऊर्जेचा खर्च जास्त. शिवाय द्रव हायड्रोजनचं एक घनमीटर भरतं फक्त ७० किलो, तेवढ्याच जागेत केरोसीन ८०० किलोच्या वर. खाली हायड्रोजन वापरायचा तर टाकी एवढी मोठी लागेल की बोलायची सोय नाही, आणि तो उणे २५३ अंशांवर सांभाळायचा. अमेरिकनांच्या सॅटर्न ५ मध्येही हाच विचार, खाली केरोसीन आणि वर हायड्रोजन. वरच्या टप्प्यात मात्र वाचवलेला प्रत्येक किलो सरळ उपग्रहाच्या पदरात पडतो.

हायड्रोजनचा झोत एवढा वेगवान का, तर त्याचा धूर हलका असतो. तापमान सारखं असेल तर हलके रेणू जास्त जोरात धावतात. म्हणून मुद्दाम हायड्रोजन जास्त टाकतात. पूर्ण जळायला एक किलो हायड्रोजनला ८ किलो ऑक्सिजन लागतो, सीई-२० मध्ये देतात साधारण ५ किलोच. उरलेला हायड्रोजन न जळता बाहेर जातो. वाया गेला असं वाटतं, पण तो हलका असल्याने सगळ्या झोताची सरासरी हलकी होते आणि वेग वाढतो. पेपरात हा प्रश्न घालायचा मोह मी दरवर्षी आवरते.

---

नाखवा_दिवाळे (सायंकाळी ६:०५)

मी दिवाळे गावचा, होरीवाला. तुमचं ते मेगावॅट आपल्याला नाय कळत पण गोष्ट नवीन नाय. आमच्यात म्हणतात ओढीला मोठा पंखा आणि कमी फेरे. ज्याला जाळं ओढायचंय त्याने लहान पंखा लावून इंजिन रेस केलं तर पाण्यात नुसता फेस होतो, डिझेल जातं आणि होरी जागची हलत नाय. तेच ती पर्यटकांची स्पीडबोट बघा, लहान पंखा गरगर फिरतो कारण तिला ओढायचं नसतं, पळायचं असतं. म्हंजे पाणी किती जोरात मागे टाकायचं ते तुमची होरी किती जोरात जाणार त्यावर ठरतं. बरोबर की चूक?

---

हँगरकाका (६:२०)

नाखवा, तुम्ही दोन ओळीत जे लिहिलंत ते मी तीन प्रतिसादांत सांगणार होतो.

झोत विमानापेक्षा थोडाच जास्त वेगाने जायला हवा, हा नियम. विमान २४० मीटर प्रति सेकंदाने चाललंय (ताशी ८६४ किमी, नेहमीचा वेग) आणि झोत ६०० ने सोडलात तर झोताला दिलेल्या ऊर्जेपैकी ५७ टक्के विमानाच्या कामी येते, बाकी मागच्या हवेत घुसळून जाते, तुमच्या फेसासारखी. झोत ३२० वर आणलात तर ८६ टक्के कामी येते. म्हणून ताशी पाचशेच्या आसपास जाणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानाला उघडा पंखाच परवडतो. आणि कॉनकॉर्ड? ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं, सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. त्याचा झोत सहाशेपेक्षा जास्तच हवा, नाहीतर रेटा शून्य. म्हणून त्याच्या ऑलिम्पस इंजिनात बायपास नव्हताच, बारीक आणि तिखट झोत, तिथे तेच शहाणपण. जमिनीवर मात्र कान फुटायचे आणि धावपट्टीवर इंधन ढसाढसा प्यायचं.

---

आयटीतला_हमाल (६:३१)

झोत आणि विमान एकाच वेगाने ठेवलं तर मग १०० टक्के?

---

हँगरकाका (६:३३)

हो. १०० टक्के कार्यक्षम आणि रेटा शून्य.

---

आयटीतला_हमाल (६:३४)

आमच्या प्रोजेक्टमध्ये असे चार जण आहेत.

---

सीवूड्सची_सून (रात्री ८:५०)

धागा आवडला. माझा प्रश्न संसारी आहे. झोत हळू झाला म्हणून नव्या विमानांचा आवाज कमी येतो का? माझ्या सासूबाई म्हणतात पूर्वी सांताक्रूझला माहेरी विमान गेलं की ताटातली आमटी हलायची.

---

हँगरकाका (९:१५)

सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांचं निरीक्षण अचूक आहे. जेम्स लाइटहिल म्हणून इंग्रज गणिती होते, त्यांनी १९५२ मध्ये मांडलं की झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठव्या! म्हणजे वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती २५६ पटीने कमी, डेसिबलमध्ये २४ ने कमी. रेट्याला एक घात, ऊर्जेला दोन आणि आवाजाला आठ. म्हणजे मोठ्या फॅनने इंधन वाचवलंच, पण त्याहून जास्त शेजाऱ्यांचे कान वाचवले.

पण उलवेकरांनी फार हुरळून जाऊ नये. हे झोताच्या आवाजाचं झालं आणि तो उडताना जास्त असतो. उतरताना इंजिन मंद असतं, तेव्हा जी घरघर येते ती बरीचशी चाकं, फ्लॅप आणि फॅनची. तिथे लाइटहिल साहेब फारशी मदत करत नाहीत.

---

मुरांबा (९:२२)

मग फॅन अजून मोठा का नाही करत? पाच मीटरचा लावा, प्रश्न मिटला.

---

हँगरकाका (९:५०)

अहो लावतील पण ठेवतील कुठे. ७३७ चं पोट जमिनीपासून इतकं खाली की जुन्या ७३७-३०० ला मोठं इंजिन बसवताना खोक्याची (इंजिनाभोवतीच्या आवरणाची) खालची बाजू चपटी करावी लागली, समोरून बघितलं तर गोल नाही दिसत. नव्या ७३७ मॅक्सला जे लीप बसतं त्याचा फॅन १.७६ मीटर, तेच एअरबसवर १.९८, कारण एअरबसचे पाय लांब. दुसरं, फॅन मोठा झाला की पात्यांची टोकं फार वेगात जातात, म्हणून फॅन हळू फिरवावा लागतो, पण टर्बाइनला तर जोरात फिरायला आवडतं. म्हणून प्रॅटवाल्यांनी मध्ये गियरबॉक्स घातला, साधारण तीनास एक. आणि तिसरं, मोठ्या फॅनभोवतीचं खोकंही मोठं, त्याचं वजन आणि हवेचा अडथळा, एका मर्यादेपुढे वाचलेलं सगळं त्यात जातं. ७७७एक्सच्या जीई९एक्सचा फॅन ३.४ मीटर आहे, तो म्हणजे कळस. २०२१ पासून सीएफएमवाले खोकंच काढून टाकलेल्या उघड्या फॅनवर काम करतायत. म्हणजे फिरून नाखवांच्या पंख्याकडेच.

---

गॅलरीतला_माणूस (१०:३०)

मी चिरंजीव लिहितोय, बाबा झोपले. मला असं विचारायचंय की जर रॉकेटला वेगच पाहिजे तर आयन इंजिनमध्ये (विजेने भारित कण मागे फेकतात ते) झोत ३० किमी/सेकंद असतो असं वाचलं, मग तेच लावून जमिनीवरून का नाही उडत?

---

खारघरची_मास्तरीण (१०:४१)

झोप आधी, उद्या कॉलेज आहे. पण उत्तर देते.

वर काढलेला भाव आठव, झोताच्या वेगाचा निम्मा. ३० किमीचा झोत म्हणजे एका न्यूटनला १५,००० वॅट, आणि तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. एक न्यूटन म्हणजे सुमारे १०० ग्रॅमचं वजन! नासाचं डॉन यान २००७ मध्ये गेलं, त्याच्या आयन इंजिनाचा जास्तीत जास्त रेटा ०.०९ न्यूटनच्या आसपास, दोन ए-४ कागद तळहातावर ठेवलेस तर जितकं वजन लागेल तितका. जमिनीवर तो रेटा स्वतःचं इंजिनसुद्धा उचलणार नाही. पण अंतराळात हवा नाही, घाई नाही, सूर्याची वीज मिळत राहते आणि शिदोरी मात्र मोजकी. तिथे वर्षानुवर्षं दोन कागदांइतकं ढकलत राहायचं. डॉन तसंच २०११ ला व्हेस्टा या लघुग्रहापर्यंत आणि २०१५ ला सेरेस या बटुग्रहापर्यंत पोचलं. आपल्या जीसॅट-९ उपग्रहावरही, मे २०१७ चा, झेनॉन वायूवर चालणारं विजेचं इंजिन होतं.

---

गॅलरीतला_माणूस (तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:१२)

धागा वर काढतोय. मंडळी, मागच्या आठवड्यात नागपूरला जाऊन आलो. जाताना जुनं ए३२०, येताना निओ, आणि चिरंजीवांनी दोन्ही वेळा गेटच्या काचेला नाक लावून इंजिनाचं तोंड बघितलं. काकांनी सांगितलेलं शोधून काढलं त्याने, जुन्याचा फॅन १.७३ मीटर आणि नव्या लीपचा १.९८. मी म्हटलं पंचवीस सेंटिमीटरचा तर फरक, त्यात काय एवढं. त्याने बोर्डिंग पासच्या मागे गणित केलं, क्षेत्रफळ ३१ टक्क्यांनी जास्त. मग मला म्हणतो बाबा, तुम्ही पिझ्झा मागवताना हेच चुकता.

एक राहिलंच, इंजिनाच्या मध्यभागी ती पांढरी जिलबी काढलेली असते ती कशाला?

---

हँगरकाका (९:३०)

ती आमच्यासाठी. इंजिन चालू आहे की बंद हे आवाजाच्या गदारोळात कळत नाही, जिलबी फिरताना दिसली की माणूस लांब राहतो. आणि निओ होतं म्हणून ते लीपच असेल असं नाही हं, प्रॅटचं असेल तर २.०६ मीटर. परत गणित करायला लावा त्याला.

---

नाखवा_दिवाळे (९:४४)

पोराला रविवारी घेऊन या गावात. होरी वर काढलीय रंगायला, पंखा उघडाच हाय, हात लावून बघता येईल. दहाच्या आत या, नंतर मी बाजारात जातो.

---

गॅलरीतला_माणूस (९:५१)

येतो नाखवा. येताना काय आणू?

---

नाखवा_दिवाळे (९:५३)

पिशवी आणा मोठी. बोंबील घेऊन जाल ना.